नियम पाठ आहेत, कारणं विचारा

प्रति,
सुधारगृहं, किशोरगृहं आणि तुरुंग यांमधले सुधार-कार्यक्रम आखणारे, मंजूर करणारे आणि चालवणारे सर्व अधिकारी, समुपदेशक व समिती-सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वेळापत्रकात 'नैतिक शिक्षण' किंवा 'मूल्यशिक्षण' अशा नावाचा एक तास बहुधा असतोच. त्या तासाला काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. कुणी पाहुणे येतात. चोरी वाईट, व्यसन वाईट, संगत सांभाळा, आईवडिलांची आठवण ठेवा, असं तासभर सांगतात. मुलं माना खाली घालून बसतात. शेवटी प्रश्न येतो, "पुन्हा असं करणार का?" एका सुरात उत्तर येतं, "नाही सर." हजेरीच्या वहीत सह्या होतात आणि अहवालात 'नैतिक प्रबोधन झाले' अशी ओळ पडते.

हे पत्र त्या तासाबद्दल आहे. मी मानसशास्त्र शिकवलं आहे आणि कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांच्या गटचर्चाही घेतल्या आहेत. तरी इथे मी माझे अनुभव सांगत बसणार नाही, कारण या विषयावर बऱ्याच दशकांचं संशोधन हाताशी आहे आणि ते आपल्या वेळापत्रकापर्यंत पोचलेलं दिसत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: या मुलांना चोरी वाईट असते हे माहीत आहे. ती का वाईट असते, याचं त्यांच्याकडचं उत्तर कच्चं असतं. आपला तास त्या कच्च्या उत्तराला हातच लावत नाही.

नियम माहीत असायला किती वय लागतं? फार नाही. १९८८ साली गर्ट्रुड नुनर-विंकलर आणि बीआटे झोडियन या संशोधिकांनी लहान मुलांना चोरीच्या छोट्या गोष्टी सांगून प्रश्न विचारले. चार वर्षांची मुलंही ठामपणे म्हणाली की असं घेणं चूक आहे. पण चोरणाऱ्याला आता कसं वाटत असेल, असं विचारल्यावर त्यातल्या बहुतेकांचं उत्तर होतं, छान वाटत असेल, हवं ते मिळालं ना! आठेक वर्षांची मुलं मात्र सांगतात की त्याला वाईट वाटत असेल. नियम आधी येतो, तो आपलासा व्हायला पुढे बरीच वर्षं जातात. आपण सोळा वर्षांच्या मुलाला बसवून चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट ऐकवतो आणि तो कंटाळला की त्याला निर्ढावलेला म्हणतो.

ही 'पुढची वर्षं' म्हणजे नेमकं काय, याचा शोध मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यापासून सुरू होतो. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांपुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एका मुलाने जेवायला जाताना दार ढकललं, दारामागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसऱ्याने आई बाहेर गेलेली पाहून फडताळातला जॅम चोरायचा प्रयत्न केला आणि त्यात एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं फुटलेले कप मोजत. मोठी मुलं हेतू बघत.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी हेच काम किशोरवयात आणि पुढे प्रौढपणात नेलं. १९५८ साली शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधासाठी त्यांनी १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतला हाइन्झचा पेच तुमच्यापैकी अनेकांनी पदवीच्या वर्गात वाचला असेल. बायको मरणाच्या दारात आहे, औषध शोधणारा दुकानदार खर्चाच्या दहापट पैसे मागतो, नवऱ्याकडे निम्मेच जमतात, शेवटी तो दुकान फोडतो. बरोबर केलं का? हो की नाही, यात कोलबर्गना फारसा रस नव्हता. त्यांना पुढचा 'का' हवा होता. त्या 'का'च्या उत्तरांवरून त्यांनी सहा पायऱ्या मांडल्या.

पायऱ्यांची पुस्तकी नावं सोडून देऊ. एकच प्रश्न घ्या: चोरी का करू नये? 'पकडलं तर मार बसतो', ही पहिली पायरी. 'मी त्याचं घेतलं तर उद्या तो माझं घेईल, परवडत नाही', ही दुसरी. इथे हिशेब आला, जशास तसे आलं. 'ज्याचं गेलं त्याचं काय होत असेल, आणि आपल्यावर भरवसा टाकलेल्या माणसांना काय वाटेल', ही तिसरी. 'प्रत्येकजण आपापल्या सोयीने घ्यायला लागला तर कुणालाच कशाची शाश्वती उरणार नाही', ही चौथी. त्यापुढच्या दोन पायऱ्यांवर कायदा मुळात न्याय्य आहे का, असे प्रश्न येतात, आणि तिथवर पोचणारी माणसं सगळीकडेच थोडी. मानसशास्त्रज्ञ जॉन गिब्ज यांनी तर पहिल्या दोन पायऱ्यांना अपरिपक्व आणि तिसऱ्या-चौथीला परिपक्व म्हटलं, आणि रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं असं मानलं. आपल्या कामापुरती मलाही हीच मांडणी पुरेशी वाटते. सुधारगृहातून कुणी तत्त्वज्ञ बाहेर पडावा अशी आपली अपेक्षा नाही. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर पाऊल पडलं तरी ते पुष्कळ आहे.

(कोलबर्ग यांच्यावर आक्षेप आहेत. पहिल्या अभ्यासात एकही मुलगी नव्हती, आणि कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली या मोजपट्टीत काळजीला, नात्यांच्या जबाबदारीला जागाच नाही असं दाखवून दिलं. वरच्या पायऱ्यांवर एका विशिष्ट संस्कृतीची छाप आहे, हाही आक्षेप जुना आहे. हे वाद मुख्यतः जिन्याच्या वरच्या टोकाबद्दलचे आहेत. आपली अडचण खालच्या टोकाला आहे.)

आता गुन्हेगारीशी या पायऱ्यांचा संबंध. २००६ साली खेर्ट-यान स्टाम्स आणि सहकाऱ्यांनी ५० अभ्यास एकत्र केले. त्यांत मिळून ४,८१४ मुलं होती. गुन्हे केलेल्या किशोरांचा नैतिक तर्क, म्हणजे योग्य-अयोग्याची कारणं देण्याची पातळी, त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा मागे असल्याचं दिसलं, आणि ही पिछाडी मानक विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याच्या मापाच्या) जवळजवळ पाऊण पट होती. वय, बुद्धिमत्ता, आर्थिक स्थिती यांचा हिशेब घेतल्यावरही ती पुसली गेली नाही. मानसशास्त्रात एवढा फरक रोज सापडत नाही.

त्याच अभ्यासातल्या दोन बारीक गोष्टी फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. पहिली अशी की उत्तरं तपासणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं आहे हे ठाऊक असेल, तर फरक जास्त मोठा निघतो. म्हणजे आपल्या पूर्वग्रहालाही त्या आकड्यात थोडी जागा मिळते. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: बंदिस्त संस्थांमधल्या मुलांची पिछाडी मोठी होती, आणि फरक सर्वांत ठळक दिसला तो बंदिवासाच्या कालावधीच्या संदर्भात. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे. शिवाय हे बहुतेक अभ्यास पकडल्या गेलेल्या मुलांचे असतात, गुन्हा करून निसटलेल्यांचे नव्हेत. हेही विसरू नये.

पिछाडी कुठे आहे? गिब्ज यांच्या गटाने ती आशयानुसार तपासली. वचन पाळणं, खरं बोलणं, दुसऱ्याची वस्तू न घेणं, जीव वाचवणं, कायदा पाळणं. 'हे महत्त्वाचं आहे का?' असं विचारलं की गुन्हे केलेली मुलंही मोठ्या संख्येने 'महत्त्वाचं' म्हणतात. 'का?' विचारलं की घसरण सुरू होते, आणि १९९४ च्या एका अभ्यासात सर्वांत मोठी घसरण कायदा का पाळावा याच्या कारणांत दिसली. कायदा पाळायचा, कारण नाहीतर आत जावं लागतं. बस्स, एवढंच.

हे उत्तर चुकीचं नाही, पण लंगडं आहे. 'पकडलं तर' या अटीवर टेकलेलं कारण पकडलं जाण्याची शक्यता संपली की संपतं. दुसऱ्या पायरीवरचा हिशेबही तसाच. समोरच्याला फार फरक पडत नाही, किंवा त्याने आपलं आधीच काही घेतलं आहे, असं ठरवलं की बेरीज-वजाबाकी चोरीच्या बाजूने लागते. तिसऱ्या पायरीवरचं कारण इतक्या सहज मोडता येत नाही, कारण त्यात एक माणूस उभा असतो आणि अंधारात तो नाहीसा होत नाही. माझ्या मते नैतिक तर्क आणि गुन्हा यांना जोडणारा धागा हाच आहे. तर्क माणसाला गुन्ह्यापासून मागे ओढतो असं नाही. मोह झाला की त्याला अडवायला जे कारण उभं असतं, ते किती सहज बाजूला सारता येतं, याचा हा प्रश्न आहे.

म्हणूनच डेव्हिड थॉर्न्टन आणि आर. एल. रीड यांचा १९८२ चा निष्कर्ष मला पटतो. पैशासाठी गुन्हा केलेल्यांचा नैतिक तर्क, आर्थिक लाभाविना हिंसा केलेल्यांपेक्षा कमी परिपक्व निघाला. वरवर पाहता हे उलटं वाटतं, हिंसा तर जास्त भयंकर. पण चोरी, घरफोडी, फसवणूक यांत हिशेब असतो आणि हिशेबी कारणांची तिथे थेट कसोटी लागते. मारहाणीत बहुधा रागाचा झटका असतो, किंवा समोरचा मुद्दाम डिवचतोय असा समज. दोघांना एकाच बाकावर बसवून एकच व्याख्यान देण्यात काय हशील?

आता उलट बाजू. या पिछाडीचा उपयोग आपण कोणत्या कामासाठी करू नये, हे तितक्याच स्पष्टपणे लिहिणं मला भाग आहे, कारण काही ठिकाणी नैतिक तर्काची चाचणी घेऊन मुलाला 'धोकादायक' किंवा 'सुधारलेला' ठरवण्याची कल्पना पुढे येते. कृपा करून तसं करू नका. पाऊण मानक विचलनाचा फरक मोठा असला तरी दोन गट एकमेकांत बरेच मिसळलेले राहतात. गुण नेहमीच्या घंटाकार वाटणीत पडतात असं धरलं, तर गुन्हे केलेल्या साधारण पाच मुलांतलं एक मूल इतर मुलांच्या सरासरीच्या वर असतं. आणि पुन्हा गुन्हा करण्याचं काय? २०११ साली फान फुख्त आणि सहकाऱ्यांनी १९ अभ्यास, १५,९९२ व्यक्ती एकत्र करून पाहिलं. परिपक्व नैतिक विकास आणि पुन्हा गुन्हा यांच्यातला व्यस्त सहसंबंध (एक वाढलं की दुसरं कमी होण्याचा कल; शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) ०.२० निघाला. संख्याशास्त्राच्या भाषेत बोलायचं, तर पुनर्गुन्ह्यातल्या फरकांपैकी चारेक टक्केच फरक यातून उलगडतो. धोरण ठरवायला हा आकडा उपयोगी आहे. एका मुलाला सोडायचं की ठेवायचं, हे ठरवायला तो अजिबात पुरत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अपराधीपणा, सहानुभूती अशा नैतिक भावनांचा पुनर्गुन्ह्याशी संबंध ०.११ म्हणजे तर्कापेक्षाही कमी निघाला. डॅरिक जॉलिफ आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांच्या २००४ च्या आढाव्यातही दुसऱ्याचं दुःख अंगावर येणं यापेक्षा दुसऱ्याला काय वाटतंय हे ओळखता येणं, याचा गुन्हेगारीशी जास्त संबंध सापडला होता. त्यामुळे मुलांना रडवणारा कार्यक्रम यशस्वी झाला असं मानण्याची आपली सवयही तपासायला हवी. पाहुण्यांच्या भाषणानंतर डोळे पुसणारी मुलं पाहून आपल्याला बरं वाटतं, पण संध्याकाळपर्यंत ते ओसरलेलं असतं.

मग तर्क पुरेसा असलेली माणसंही गुन्हे का करतात? सुशिक्षित, मानमरातब असलेले, चौथ्या पायरीवरचं भाषण सहज करू शकणारे लोक कोट्यवधींचे घोटाळे करतात, हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि विचारावाच. डोनाल्ड क्रेसी यांनी अपहार करून तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ साली लिहिलं की त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्वतःला पटवलेलं असतं, हे पैसे मी चोरत नाही, उसने घेतोय. चार वर्षांनी ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी अशा पळवाटांची मांडणी केली. तुम्ही रोज ऐकता ती वाक्यं घ्या. 'मी एकटाच होतो का?' 'त्याला काय कमी आहे, त्याला कळणारही नाही.' 'त्याला माज होता, धडा शिकवायलाच हवा होता.' 'पकडणारे काय धुतल्या तांदळासारखे आहेत?' 'दोस्तासाठी करावं लागलं.' जबाबदारी, नुकसान, बळी, न्याय करणारा, निष्ठा. पाचही पळवाटा पाच वाक्यांत आल्या.

साइक्स आणि माट्झा यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. ज्याला नियम मान्यच नाही त्याला सबब लागत नाही. सबब शोधावी लागते, याचाच अर्थ नियम आत कुठेतरी मान्य आहे. म्हणजे 'या पोरांना लाजच नाही' हे आपलं आवडतं वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खोटं आहे. गिब्ज यांनी पुढे अशाच सबबी चार गटांत बांधल्या: मी म्हणेन तेच, दोष दुसऱ्याचा, एवढं काही झालं नाही, आणि समोरचा वाईटच असणार. कच्चा तर्क आणि या सबबी यांची चांगली गट्टी जमते. दुसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाला 'त्याने कुलूप नीट लावायला हवं होतं' हे वाक्य सबब वाटतच नाही, ते त्याला कारण वाटतं.

कळतं पण वळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, बऱ्याच मुलांच्या बाबतीत अर्धवट कळलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यावर सबबींचं पांघरूण असतं. तास घ्यायचा तो या अर्ध्या भागाचा.

तो घेता येतो का? येतो, पण गाजावाजा करण्याइतकं यश कुठेच नाही, हे आधी सांगून टाकते. मायकेल चँडलर यांचा १९७३ चा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. ११ ते १३ वर्षांच्या, वारंवार पकडल्या गेलेल्या ४५ मुलांपैकी काहींना त्यांनी छोटी नाटुकली रचून चित्रित करायला लावली. अट एवढीच की प्रत्येकाने प्रत्येक भूमिका आळीपाळीने करायची. मारणाऱ्याची, मार खाणाऱ्याची, बघत उभं राहणाऱ्याची. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा या मुलांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. नुसते माहितीपट बनवणाऱ्या मुलांत तसा फरक दिसला नाही. गट लहान होता, त्यामुळे त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण दुसऱ्याच्या जागी उभं राहणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

जॅक आर्बथनॉट आणि डोनाल्ड गॉर्डन यांनी १९८६ साली शाळेत वर्तन बिघडलेल्या किशोरांबरोबर काही महिने नैतिक पेचांच्या चर्चा घेतल्या. मुलांचा तर्क सुधारला, आणि उशिरा येणं, तक्रारीसाठी मुख्याध्यापकांकडे पाठवलं जाणं, पोलिसांशी गाठ पडणं हेही कमी झालं. १९९३ साली लीमन, गिब्ज आणि फुलर यांनी एका किशोर-सुधारगृहात ५७ मुलांवर त्यांचा 'इक्विप' कार्यक्रम तपासला. त्यात मुलांच्या गटालाच एकमेकांच्या सबबी पकडायला शिकवतात, जोडीला राग आवरणं, सामाजिक कौशल्यं आणि पेचांवर एकत्र निर्णय घेणं. वर्षभरात पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण कार्यक्रम घेतलेल्यांत १५ टक्के होतं, इतरांत ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास.

आणि मग नेदरलँड्स. तिथे हाच कार्यक्रम घेतला गेला. २०११ साली ब्रुगमन आणि बिंक यांनी कळवलं की मुलांच्या विचारांतल्या सबबी कमी झाल्या, पण पुन्हा गुन्हा करण्यात फरक पडला नाही. त्याच देशातल्या पुढच्या पाहणीत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे राबवलाच जात नव्हता असं आढळलं. बैठका चुकत होत्या, काही भाग गाळले जात होते. हे वाचताना आपल्याला काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही. इथे आणखी एक धोका आहे. थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की बिघडलेल्या मुलांना एकत्र बसवून केलेले काही कार्यक्रम त्यांना आणखी बिघडवतात, कारण वाकड्या बोलण्याला गटात हशा आणि दाद मिळते. गट चालवणारा माणूस कच्चा असेल तर चर्चेपेक्षा चर्चा नसलेली बरी. अट्टल कैद्यांकडून मुलांना धमकावून 'सरळ' करणारे कार्यक्रम तर पुनर्गुन्हा वाढवतात, हे अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. मुलाला पहिल्या पायरीवरचं कारण आणखी मोठ्या आवाजात ऐकवलं, तर दुसरं काय होणार?

आता ती बंदिवासाची बोचरी गोष्ट. कोलबर्ग, पीटर शार्फ आणि जोसेफ हिकी यांनी १९७२ साली कैद्यांना दोन प्रकारचे पेच घातले, काही बाहेरच्या जगातले आणि काही तुरुंगातले. तुरुंगातल्या पेचांवर अनेकांचा तर्क खालच्या पायरीवर उतरला. बाहेरच्या जगाबद्दल तिसऱ्या पायरीवर बोलणारा माणूस आत काय घडतं याबद्दल बोलू लागला की 'बळी तो कान पिळी' किंवा 'तू माझं झाक, मी तुझं झाकतो' इथपर्यंत येत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो जिथे राहत होता तिथला व्यवहार त्याने बरोबर ओळखला होता.

हे आपल्या संस्थांना किती लागू आहे ते आपण तपासावं. जिथे एकाने केलेल्या चुकीसाठी सगळ्यांचं खेळणं बंद होतं, जिथे तक्रार केली की तक्रार करणाराच अडचणीत येतो, जिथे 'का' विचारणं म्हणजे उर्मटपणा, तिथे आठवड्याला एक तास न्याय आणि आदर यांवर बोलून काय साधेल? मुलं उरलेला सगळा वेळ जे शिकतात ते त्या तासाच्या बरोबर उलट असतं. कोलबर्ग यांनी हे ओळखून १९७१ साली कनेक्टिकटमधल्या नायँटिक इथल्या महिला तुरुंगात वेगळी व्यवस्था सुरू केली. एका छोट्या विभागातल्या कैदी आणि कर्मचारी एकत्र बसून नियम ठरवत, आणि नियम मोडला तर त्याच सभेत त्यावर चर्चा होई. तिथे सगळं सुरळीत चाललं असा माझा दावा नाही. पण कारण देण्याची सवय लावायची, तर खरा परिणाम होणारे निर्णय लागतात, ही त्यामागची समज मला पक्की वाटते. हाइन्झच्या औषधापेक्षा टीव्ही कोण लावणार, नव्या मुलाला कोण सांभाळणार, चोरीला गेलेल्या साबणाचं काय करायचं, या प्रश्नांवर मुलं दहापट जीव तोडून वाद घालतात.

मार्टिन हॉफमन यांनी १९६७ पासून केलेल्या अभ्यासांत पालकांच्या शिस्तीबद्दल हेच दिसतं. नुसती सत्ता गाजवणाऱ्या घरापेक्षा 'तुझ्यामुळे त्याला काय झालं ते बघ' असं समजावणाऱ्या घरातल्या मुलांचा नैतिक विकास पुढे असतो. आपल्याकडे आलेल्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला पहिल्या प्रकारचं घर आलेलं असतं. संस्थेनेही तेच घर पुन्हा उभं केलं, तर पिछाडी वाढल्याचं आश्चर्य वाटून घेऊ नये.

याचा अर्थ गरिबी, वस्ती, व्यसन, शाळेतून गळणं, पोलिसांची वागणूक यांना मी गौण ठरवत नाही. पेर-ओलोफ विकस्ट्रॉम यांनी इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरातल्या सुमारे सातशे मुलांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला, त्यातून दिसलं की मुलाची नैतिकता आणि त्याचा वेळ जातो ती जागा ही दोन्ही मिळून गुन्हा घडवतात. एक बाजू धरून दुसरी सोडता येत नाही. आणि बहुतेक किशोर वय वाढलं की आपणहून गुन्ह्यातून बाहेर पडतात, हे टेरी मॉफिट यांनी १९९३ पासून सांगितलं आहे. त्यांच्या मार्गात निदान आपण आडवे येऊ नये.

म्हणून विनंती अशी. पाहुण्यांच्या भाषणांचा तास बंद करा आणि तोच वेळ आठ-नऊ जणांच्या गटाला द्या, निदान काही महिने सलग, एकच प्रशिक्षित व्यक्ती गट चालवेल अशा बेताने. ती व्यक्ती शिक्षा देणाऱ्यांपैकी नसावी, नाहीतर मुलं पहिल्या दिवशी तिला हवी ती उत्तरं देऊ लागतील. प्रत्येक चर्चेत एक सबब तरी नावासकट उघडी पडावी, आणि ती मुलांनीच पकडावी. भूमिका बदलून करायची नाटुकली ठेवा. संस्थेतले दोन-तीन खरे नियम मुलांच्या सभेच्या हाती सोपवा आणि सभेने तुम्हाला गैरसोयीचा निर्णय घेतला तरी तो पाळा. इथेच बहुतेक संस्था मागे सरकतात, याची मला कल्पना आहे.

मोजमाप करायचं असेल, तर पर्यायांवर खूण करायच्या प्रश्नपत्रिका वापरू नका. चांगलं उत्तर ओळखणं सोपं असतं, ते स्वतः तयार करणं अवघड. मुलांना आपल्या शब्दांत कारण लिहू किंवा सांगू द्या आणि ते अशा व्यक्तीकडून तपासून घ्या जिला मूल कोणतं आणि उत्तर कार्यक्रमाआधीचं की नंतरचं, हे ठाऊक नसेल. हे गुण मुलाच्या सुटकेच्या फाइलमध्ये जाता कामा नयेत. ज्यांना कार्यक्रम अजून मिळालेला नाही अशा मुलांशी तुलना करा. वर्षअखेरच्या अहवालात किती तास झाले, किती जण हजर होते, याऐवजी सुटल्यानंतर वर्षभरात किती मुलं पुन्हा पकडली गेली आणि ठरलेल्या बैठकांपैकी किती प्रत्यक्षात झाल्या, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापा. ते निराश करणारे निघाले तरी छापा. डच संशोधकांनी त्यांचे छापले, म्हणूनच कार्यक्रम कुठे ढिला पडतो ते आज आपल्याला सांगता येतं.

आपली,
गटचर्चा घेणारी मानसशास्त्राची एक शिक्षिका